पहिली बोली कोणावर?

दिवाळी आटोपली, धानाची कापणी उरकत आली आणि गावोगावच्या मंडया भरू लागल्या, की आमच्या भंडारा जिल्ह्यात कबड्डीच्या सामन्यांचेही दिवस येतात. अशाच एका सामन्यास आम्ही लाखनी तालुक्यातील एका गावी गेलो होतो. अंतिम सामन्याची दोन मिनिटे उरली होती, यजमान गावाचे तीनच गडी मैदानात शिल्लक होते, आणि प्रतिपक्षाचा नावाजलेला चढाईपटू चाल करून आला होता. डाव्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका किडकिडीत मुलाने त्याचा घोटा धरला तो काही केल्या सोडला नाही. इतर दोघे धावून आले. अव्वल पकडीचे दोन गुण मिळाले आणि सामना यजमान गावाने एका गुणाने जिंकला. पुढे बक्षीस-समारंभ झाला. उत्कृष्ट चढाईपटूस सायकल मिळाली, आणि ती मिळाली हरलेल्या संघातील त्याच गृहस्थास. ज्या मुलाने सामना राखला त्याच्या हाती स्टीलचा एक डबा पडला. आम्ही शेजारी बसलेल्या एका शिक्षकांजवळ याविषयी खेद व्यक्त केला, तेव्हा ते म्हणाले, “पकड काय, कोणीही करतो. गुण आणतो तो चढाईवाला!”

हे वाक्य एकट्या त्या शिक्षकांचे असते तर त्याचा परामर्श घेण्याचे कारण नव्हते. परंतु २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून ज्या लिलावात खेळाडूंवर लाखांच्या आणि कोटींच्या बोली लागतात, तेथेही बहुतेक वेळा याच वाक्याचे राज्य चालते. संघाची थैली मर्यादित असते. तीतील पहिला आणि सर्वांत जड वाटा कोणास द्यावा, चढाईपटूस की बचावपटूस, हा प्रश्न तेथे दर लिलावात उभा राहतो. खरोखर उत्तम दर्जाचा कोपरारक्षक लिलावात उपलब्ध असेल तर पहिली बोली त्याच्यावरच लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत रूढ समजुतीच्या विरुद्ध जाते याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच त्याची कारणे सविस्तर देणे अगत्याचे वाटते.

प्रथम खेळाचे गणितच पाहू. चढाईपटूने एक गडी टिपला की एक गुण मिळतो, प्रतिपक्षाचा एक गडी बाहेर जातो आणि आपला बाहेर बसलेला एक गडी आत येतो. पकड साधली म्हणजेही नेमके हेच घडते. हिशेबाच्या वहीत दोहोंची किंमत सारखीच आहे. परंतु बाहेर कोण गेला, हे वहीत दिसत नाही. चढाईत बहुधा जो हाती लागेल तो गडी टिपला जातो. पकडीत मात्र प्रतिपक्षाचा जो गुण आणणारा हुकमी गडी, तोच बाहेर जाऊन बसतो. त्याच्या संघाने पुन्हा एखादा गुण मिळवून त्यास आत आणीपर्यंत त्या संघास दुय्यम गड्यांवर भागवावे लागते. शिवाय मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता साधलेल्या पकडीस नियमानेच दोन गुण दिले आहेत. चढाया आळीपाळीने होतात. म्हणजे प्रत्येक संघाचा निम्मा खेळ हा बचावाचाच असतो. असे असता निम्म्या खेळाला थैलीतील उरलासुरला चिल्लर पैसा द्यावयाचा, हा कोठला न्याय?

आता अनुभवाकडे वळू. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईस झालेल्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ५ कोटी रुपयांची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या विख्यात चढाईपटूस २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांस घेतले. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. बचावपटूवर निम्मी थैली रिकामी करणे हा वेडेपणा आहे, असे त्या वेळी कित्येकांस वाटले. पुढे काय झाले? पवनने आपले काम चोख केले. त्याचे चढाईचे गुण दोनशेच्या घरात गेले. पण त्याचा संघ २२ सामन्यांपैकी दोनच जिंकून तळाशी राहिला. एक हात गुण आणीत होता आणि सात गड्यांच्या बचावातील भगदाडातून ते वाहून जात होते. उलट शादलुई त्या हंगामातील सर्वांत यशस्वी बचावपटू ठरला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले.

पुढील हंगामासाठी हाच खेळाडू २ कोटी ७ लाख रुपयांस हरियाणाकडे गेला. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळविणारा देवांक दलाल हा पाटणा पायरेट्सच्या बाजूस होता. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात अंतिम सामना झाला. हरियाणाने पाटण्यास २३ गुणांवर रोखून ३२ गुणांनिशी आपले पहिले अजिंक्यपद घेतले.

आमच्या प्रतिपक्षाचे आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की पुण्याने तो अंतिम सामना जिंकला त्यात पंकज मोहिते या चढाईपटूचे ९ गुण होते. मग श्रेय बचावास का? आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे. परंतु पंकज मोहिते पूर्वीपासूनच पुण्याच्या संघात होता. कर्णधार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हेही त्याच संघाने लहानाचे मोठे केलेले. चढाईपटू घरी वाढविता येतात, तरुण वयात त्यांचे तेज लवकर उजळते. म्हणूनच लिलावाचा पैसा जे घरी सहज पिकत नाही त्यावर खर्च करणे हेच शहाणपण ठरते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. बचाव ही साखळी आहे, एकटा कोपरारक्षक काय करणार, असे विचारले जाते; आणि दाखला म्हणून २०२५ सालच्या गुजरात जायंट्सकडे बोट दाखविले जाते. त्या संघाने त्याच शादलुईस २ कोटी २३ लाख रुपयांस घेतले, तरी पहिल्या आठ संघांतही त्यास स्थान मिळाले नाही. हे खरे आहे, आणि त्यावरून घ्यावयाचा बोधही आम्ही घेतो: एक खेळाडू म्हणजे संघ नव्हे. पण हा बोध चढाईपटूस दुपटीने लागू पडतो, हे तेलुगू टायटन्सने आधीच दाखवून दिले होते. राहिली साखळीची गोष्ट. साखळीलाही पहिली कडी लागते. घोटा किंवा मांडी प्रथम धरतो तो बहुधा कोपऱ्यावरचाच गडी. मध्यरक्षक नंतर येऊन झडप घालतात. त्याने क्षणभर आधी हात घातला तर गुण जातो, क्षणभर उशीर केला तर गडी निसटतो. हा विवेक दुर्मिळ असतो, आणि दुर्मिळ वस्तूचे मोल अधिक, हे तर व्यापाराचे साधे तत्त्व आहे.

तिसरा आक्षेप असा, की बचावपटू लिलावाच्या शेवटी स्वस्तात मिळतात. सामान्य बचावपटू मिळतात खरे. पण सामान्य चढाईपटूही मिळतात. अमेरिकेत जो निराळा फुटबॉल खेळला जातो, तेथील संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. सर्वांच्या मागे उभा राहून शेवटचा धोका टाळणारा ‘सेफ्टी’ हा गडी तेथेही मागाहून घेण्याची चाल आहे. २०२४ च्या निवडीत पहिल्या फेरीत असा एकही खेळाडू घेतला गेला नाही. तरी २०२२ साली बाल्टिमोरच्या संघाने चौदाव्या क्रमांकावर काइल हॅमिल्टन यास उचलले, आणि २०२३ मध्येच त्याची गणना त्या खेळातील सर्वोत्तमांत होऊ लागली. ‘मागाहून मिळेल’ म्हणणाऱ्यास जे मिळते, ते इतरांनी नाकारलेले असते.

याहूनही मोठा धडा आपल्या देशास २०१८ साली मिळाला. १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच होते. जकार्त्यास उपांत्य सामन्यात इराणने भारतास २७–१८ असे हरविले आणि पुढे सुवर्णपदकही नेले. अठरा गुण! ज्या देशात नामांकित चढाईपटूंचा तोटा नाही, त्यास अठरावर अडविणारे हात बचावाचे होते. त्याच वर्षीच्या लिलावात १ कोटी रुपयांचा आकडा प्रथम गाठणारा खेळाडूही फजल अत्राचली हा इराणी बचावपटूच होता. आम्ही ज्या विद्येकडे पाठ फिरविली ती परक्यांनी आमच्याच खेळात शिकून घेतली, आणि आता तिच्यासाठी आम्हीच त्यांस कोटी मोजतो!

वाचक म्हणतील, कोट्यधीशांच्या लिलावाशी आम्हा गृहस्थांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या मुलांमार्फत आहे. साकोलीच्या किंवा पवनीच्या मैदानावरील पोरगा दूरचित्रवाणीवर पाहतो की पहिली बोली कोणावर लागली, आणि दुसऱ्या दिवशी तेच व्हावयास निघतो. परिणामी आमच्या गावागावांत दहा मुलांपैकी नऊ चढाईस जाऊ पाहतात आणि दहावा नाइलाजाने कोपऱ्यावर उभा राहतो. त्या सामन्यानंतर स्टीलचा डबा काखेत धरून उभ्या असलेल्या त्या मुलास आम्ही शाबासकी दिली, तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, “पुढच्या साली मी चढाईच करीन, काका.” बचावाची एवढी उपजत बुद्धी असलेला मुलगा एका सायकलीपायी आम्ही गमावला, असेच आम्हांस वाटले.

म्हणून आमचे सांगणे दोन ठिकाणी आहे. संघमालकांनी पहिली बोली लावताना टाळ्यांचा आवाज न ऐकता खेळाचे गणित मांडावे. आणि आमच्या जिल्ह्यातील मंडळांनी, शाळांनी व बक्षिसे देणाऱ्या दात्यांनी पुढील मंडईपासून इतके तरी करावे: सायकली दोन आणाव्यात. दोन परवडत नसतील तर एक आणावी, आणि ज्याने सामना राखला त्यास ती द्यावी.