पाणी गाळणाऱ्या घरातली काचपेटी

"अगंबाई, हा मासा गेला की काय!"

रात्री आमच्या हॉलमध्ये आलेली प्रत्येक बाई एकदा तरी हे म्हणालेली आहे. मग मी पुढे होऊन सांगायची, "गेला नाही हो, झोपलाय." की सगळ्या हसायच्या, मोबाईल बाहेर निघायचे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो बोटभर मासा हीटरच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात एका कुशीवर कललेला असायचा. त्याची जोडीदारीण, त्याच्याहून मोठी, शेपूट खाली सोडून पाण्याच्या वरच्या थराशी डुलत असायची. दोघांचे डोळे उघडे, कारण माशाला पापण्याच नसतात. फोटो छान यायचे.

दोन वर्षं त्या हसण्यात मीही होते. आज त्या हसण्याविरुद्ध लिहिते आहे, म्हणजे आधी स्वतःविरुद्धच.

पेटी आणली धाकट्या मुलाने. "फाइंडिंग निमो" हा सिनेमा 2003 साली आला आणि त्यातला क्लाऊनफिश जगभरच्या पोरांच्या डोक्यात बसला. आमचाही त्यातलाच. नोकरी लागायच्या आधी हौसेने खाऱ्या पाण्याची पेटी केली, मग नोकरी लागली, बंगळूरला गेला. पेटी राहिली. मीठ मोजायचं, पाणी बदलायचं, काच पुसायची, लाईट गेली की पंप बंद पडला म्हणून जीव टांगणीला लावायचा, हे सगळं माझ्याकडे. हौस एकाची आणि निगा आईची, हे बहुतेक घरात असंच असतं, त्याची तक्रार नाही. पण निगा माझ्याकडे म्हटल्यावर दोषही माझ्याकडे आला, हे मला उशिरा कळलं.

मासा पहिल्यांदा आडवा दिसला तेव्हा मी घाबरून दुकानात फोन केला होता. दुकानदार म्हणाला, "काकू, क्लाऊनफिश असेच झोपतात. कोण कोपऱ्यात, कोण पंपाला चिकटून, कोण वाळूवर आडवा. दिवा लावल्यावर पोहायला लागला, खायला लागला, म्हणजे ठीक आहे. धापा टाकत असेल, सकाळी खात नसेल, तर मात्र आजारी समजा." माणूस खोटं बोलला नव्हता. सकाळी दोघंही टुणटुणीत होते.

पण "असेच झोपतात" म्हणजे कुठे? हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. स्वतःलाही नाही.

समुद्रात हा मासा ॲनिमोनमध्ये झोपतो. ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल. म्हणायला फूल, आहे प्राणीच. त्याच्या बोटांसारख्या शुंडकांना विषारी डंख असतो. दुसरा मासा त्यात शिरला तर अडकतो. क्लाऊनफिशच्या अंगावर चिकट थर असतो, म्हणून त्याला ते डंख बाधत नाहीत. रात्र झाली की हा त्या शुंडकांमध्ये आत शिरतो. तिथेही अगदी निपचित पडत नाही. मध्ये मध्ये हलतो, पंख हलवतो, त्यामुळे पाणी खेळतं राहतं आणि अंधारात ॲनिमोनला प्राणवायू मिळतो. एक दुसऱ्याला आसरा देतो, दुसरा पहिल्याला श्वास. परस्परोपग्रह हा शब्द आपण जैन चिन्हाखाली लिहून घराघरावर लावतो. त्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आता आमची पेटी बघा. ॲनिमोन नाही. पण शिरून झोपायचं हे अंगातच आहे. दिवा मालवला की मासा घरभर आसरा शोधतो आणि हीटरच्या मागची फट पकडतो. रोज तीच जागा, रोज तीच वेळ. आपण ज्याला गंमत म्हणतो, ती एका जिवाची अंथरुण शोधायची धडपड असते. तो रडतो, झुरतो, असं मी म्हणत नाही. माशाच्या मनातलं मला काय ठाऊक? मी एवढंच म्हणते की ज्या जागी तो झोपायला जन्मला, ती जागा आपण काढून घेतली आणि त्याने जी अडचण चालवून घेतली तिला "त्याची सवय" असं नाव दिलं.

त्यात दिवा. पाहुणे आले की निळा दिवा रात्री अकरापर्यंत. दिवाळीत तर रात्रभर. हॉलला शोभा येते ना! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच जातीच्या माशांवर केलेला प्रयोग 2019 साली "बायोलॉजी लेटर्स" या नियतकालिकात आला. क्लाऊनफिशची अंडी रात्र पडल्यावर अंधारात फुटतात. ज्या जोड्यांच्या टाकीवर रात्रीही उजेड ठेवला, त्यांचं एकही अंडं फुटलं नाही. उजेड काढल्यावर मात्र अंडी फुटली. म्हणजे अंधार हीसुद्धा त्या जिवाची गरज आहे, अन्नपाण्यासारखी. आपण सूर्यास्तानंतर खात नाही, दिव्यावर पाखरं येऊन मरतील म्हणून जपतो, आणि त्याच घरात शोभेसाठी दुसऱ्या जिवाची रात्र हिरावून घेतो.

आता मूळ मुद्दा. दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय होतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण वर्षानुवर्षं ऐकतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यात बंध पहिला. मारणं नंतर, आधी कोंडणं. पंडितजी गाईचं दावं, पोपटाचा पिंजरा ही उदाहरणं देतात आणि आपण माना डोलावतो. आपल्याकडे गाय नाही, पोपट नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. काचेला गज नसतात, म्हणून तो पिंजरा दिसत नाही, एवढंच.

आणि आमच्या फ्रीजरचं काय सांगू? ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, त्या घरात मटारच्या पिशवीमागे आर्टेमियाच्या गोठवलेल्या वड्या होत्या. आर्टेमिया म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, एका वडीत किती असतील ते मोजवत नाही. कोरडं खाद्य आणावं तर त्यातही माशांचं पीठ. हा मासा शेवाळही खातो, पण नुसत्या शेवाळावर त्याला ठेवणं म्हणजे उपाशी ठेवणंच. दिलं तर हिंसा, नाही दिलं तर अन्नपाननिरोध. पेटी दारातून आत आली की दोन्हीकडून दोष लागतो, त्यातून वाट नाही. माझ्या सासूबाई पाणी गाळून गाळण्यातली जिवाणी जपून परत विहिरीत सोडायच्या. त्याच घरात मी चिमट्याने वडी धरून पाण्यात सोडत होते.

माझे डोळे उघडले ते मात्र ग्रंथ वाचून नव्हे. चातुर्मासात महाराजांच्या आहारासाठी आमच्या घरी चौका लागला. आदल्या दिवशी घर धुऊन काढलं. सकाळी पडगाहनाला दारात उभं राहायच्या आधी जाऊबाई हळूच म्हणाल्या, "वैनी, ते माशाचं काय करायचं?" मी कपाटातली धुतलेली चादर काढली आणि पेटीवर टाकली. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आहार निर्विघ्न झाला. सगळे गेल्यावर दुपारी मी चादर उचलली. बाहेर लख्ख ऊन होतं. आत दोन्ही मासे हीटरच्या मागे, एकमेकांना खेटून, कुशीवर झोपले होते. त्यांना वाटलं, रात्र झाली. चादरीचं टोक हातात धरून मी उभी राहिले. जे महाराजांपासून झाकावंसं वाटलं, ते चूक आहे हे मला आदल्या दिवशीच कळलेलं होतं. नाहीतर झाकलं कशाला?

हे मी मंडळात बोलले तेव्हा उत्तरं बरीच मिळाली. एकेक घेते.

"हे मासे आता समुद्रातून धरत नाहीत, पैदास करतात." काही खरंच पैदाशीचे असतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, आणि समुद्रातून धरण्यापेक्षा ते बरंच. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या पोपटाला पिंजरा चालतो, असं आपण म्हणतो का? पैदाशीचा मासाही रात्री शिरायला जागा शोधतोच.

"मग ॲनिमोन आणून ठेवा." तोही जीवच. घरच्या पेटीत त्याचं नीट भागत नाही, बरेचदा तो हळूहळू झिजून जातो. एकाच्या अंथरुणासाठी दुसरा जीव कोंडायचा, हा कुठला न्याय?

"समुद्रातसुद्धा हा मासा एका ॲनिमोनच्या आसपासच असतो की, मग पेटीत काय बिघडलं?" हे एका बाईनेच विचारलं, म्हणून जरा हसू आलं. मी तीस वर्षं बहुतेक वेळ घरातच आहे. घरात असणं आणि बाहेरून कडी घातलेली असणं यातला फरक आपण बायकांना कुणी शिकवायला नको.

"मुलांना भूतदया शिकायला मिळते." माझ्या नातवंडांच्या वयाची पोरं पेटीवर टकटक करून झोपलेल्या माशाला उठवतात, हे मी बघते. दया शिकवायची असेल तर अंगणात पाखरांना पाणी ठेवा. पाखरू पिऊन उडून जातं, तेही शिकण्यासारखं आहे.

आता कुणी म्हणेल, मग तू काय केलंस? सोडून दिलेस का मासे? नाही. खाऱ्या पाण्यातला मासा नदीत किंवा विहिरीत सोडला तर मरतो, आणि पेटीत वाढलेला मासा गोव्याला नेऊन समुद्रात सोडणं हे पुण्य नव्हे, आपली जबाबदारी झटकणं आहे. बंध मी घातला, आता शेवटपर्यंतची निगाही माझीच. हा मासा नीट ठेवला तर वीस वर्षंही जगू शकतो, म्हणजे मी सत्तरीची होईन. चालेल. दिव्याला टायमर लावला आहे, संध्याकाळी सातला दिवा मालवतो, मग पाहुणे कोणीही असोत. हीटरला चिकटून अंग भाजू नये म्हणून त्याला जाळी घातली. कोपऱ्यात मातीचं एक कुंडं आडवं ठेवलं आहे. धाकटा आता रात्री त्याच्या तोंडाशी असतो, मोठी अजून पाण्याच्या वरच्या थराशीच डुलते. आर्टेमियाच्या वड्या अजून आणाव्या लागतात. प्रत्येक वेळी प्रायश्चित्त घेते, पण प्रायश्चित्ताने दोष पुसला असं मानत नाही. यातला एक गेला तर दुसरा आणायचा नाही, हे मुलाला फोनवर सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं आई."

भगिनींनो, ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी निदान रात्री दिवा मालवा, काचेवर टकटक करू देऊ नका, आणि नवे जीव आणू नका. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी गृहप्रवेशाला कुणाला पेटी भेट देऊ नका. क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. यंदा मी तो पाठ पेटीसमोर उभी राहून म्हटला. चादर आता कपाटात आहे. चौका पुन्हा लागला तर ती निघणार नाही, आणि महाराजांनी विचारलं तर मी सगळं सांगणार आहे.