ससा बोलत नाही, त्याची लघवी बोलते



‘मुके सोबती’ या सदरात आज बोलूया सशांबद्दल. मुलांनी हट्ट केला म्हणून घरात ससा येतो आणि बघता बघता आजी-आजोबांपासून सगळ्यांचा लाडका होतो. मग कधीतरी तो खाणं कमी करतो, डॉक्टर एक्स-रे काढतात आणि सांगतात, “याच्या मूत्रपिंडात खडा आहे.” अशा वेळी घरच्यांच्या मनात दोनच प्रश्न येतात. एवढ्याशा जिवाला मुतखडा कसा झाला? आणि आता हा वाचेल ना?

सशालाच हा त्रास का?

आपलं शरीर अन्नातून साधारण गरजेपुरतंच कॅल्शियम घेतं. सशाचं आतडं असा हिशोब ठेवत नाही. अन्नात कॅल्शियम जास्त असेल, तर ते जास्त शोषलं जातं आणि नको असलेलं लघवीवाटे बाहेर टाकलं जातं. बहुतेक सस्तन प्राण्यांत खाल्लेल्या कॅल्शियमपैकी २ टक्क्यांहूनही कमी लघवीतून जातं. सशात हेच प्रमाण साधारण ४५ ते ६० टक्के असतं. म्हणून निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ, पांढरट दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

अडचण सुरू होते ती पाणी कमी पडलं की. लघवी घट्ट होते आणि त्यातला चुना तळाशी साचू लागतो. दिवसभर पिंजऱ्यात बसून राहणं, वाढलेलं वजन, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार यांनीही त्यात भर पडते. कधी मूत्राशयात चिखलासारखा गाळ जमतो, तर कधी खडा तयार होतो. हा खडा मूत्रपिंडात असू शकतो, मूत्रवाहिनीत अडकू शकतो किंवा मूत्राशयात सापडू शकतो.

कसं ओळखायचं?

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं तर शत्रू हेरेल, हे त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे तो ओरडत नाही, फक्त शांत होतो. तुम्ही या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसणं
- दात करकर वाजवणं (लाडात आल्यावर होणारी हलकी कटकट वेगळी, दुखण्यातली करकर मोठी असते)
- पुन्हा पुन्हा लघवीला बसणं, जोर करणं, थेंब थेंब होणं
- शेपटीखालची आणि मागच्या पायांची लव सतत ओली राहणं
- टूथपेस्टसारखी घट्ट, पांढरी लघवी
- खाणं, लेंड्या आणि वजन कमी होणं

लाल लघवी दिसली की छातीत धस्स होतं. पण सशाची लघवी काही वेळा वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळेही केशरी किंवा लालसर होते. ती रक्तामुळे लाल आहे की रंगामुळे, हे डोळ्यांनी ठरवू नका. डॉक्टर साध्या पट्टीने लगेच तपासतात.

ससा जोर करतोय पण लघवी होतच नाही, किंवा त्याने १२ तास काहीच खाल्लेलं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. खाणं थांबलं की सशाचं आतडंही थांबतं, आणि मग खड्याआधी तेच जिवावर बेततं.

डॉक्टरांकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे तपासतात असं नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, “तुम्ही ससे बघता का?” जवळपास कोणी नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत परळला, नागपूरला, बंगळुरूत हेब्बाळला, चेन्नईत वेपेरीला अशी महाविद्यालयं आहेत.

कॅल्शियमचा खडा एक्स-रेमध्ये पांढरा दिसतो, त्यामुळे निदान सहसा अवघड नसतं. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीतून मूत्रपिंडं किती काम करताहेत ते कळतं. डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा: खडा नेमका कुठे आहे, त्याने वाट अडली आहे का, आणि दुसरं मूत्रपिंड ठीक आहे का?

पुढचा मार्ग या उत्तरांवर ठरतो. मूत्राशयातला मोठा खडा बहुधा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. मूत्रपिंडातली शस्त्रक्रिया मात्र जोखमीची असते. खडा लहान असेल आणि त्याने वाट अडवली नसेल, तर वेदनाशामक, सलाईन आणि आहार सांभाळून ठरावीक काळाने तपासणी करणं, हाही मार्ग असतो. खडा औषधाने विरघळेल अशी आशा धरू नका. सशाचे कॅल्शियमचे खडे तसे विरघळत नाहीत.

आणखी एक. सशाला उलटी होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी माणसासारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. कोणी तसं सांगितलं, तर पुन्हा एकदा विचारून घ्या.

घरगुती उपायांचा मोह आवरा

आपल्याकडे मुतखडा म्हटलं की कोणी पानफुटी सुचवतं, कोणी कुळथाचं कढण. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण माणसाचा खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, सशाचा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. आजाराचं नाव एक असलं तरी प्रकार वेगळा आहे.

पानफुटीच्या पानांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. सशाला ती देऊच नका. लघवीची जळजळ कमी करणारं माणसांचं सिरपही नको. ते लघवी अल्कधर्मी करतं, आणि सशाची लघवी मुळातच तशी असते. घरातली वेदनाशामक गोळी तोडून देऊ नका. अमोक्सिसिलिनसारखी आपल्या ओळखीची अँटिबायोटिक्स सशाला तोंडावाटे दिली, तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो.

रोजची काळजी

पाणी: हेच मोठं औषध. सशाला रोज दर किलो वजनामागे साधारण ५० ते १०० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात. दोन-तीन ठिकाणी वाडगे ठेवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. पालेभाजी धुऊन ओलीच द्या.

गवत: आहाराचा मुख्य भाग गवतच हवा. टिमोथी, ओटचं वाळलेलं गवत किंवा औषध न फवारलेली हरळी चालते. लसूणघासात मात्र साध्या गवताच्या साधारण तिप्पट कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लांना ते चालतं, खडा झालेल्या मोठ्या सशाला नको. पेलेटच्या पाकिटावर ‘अल्फाल्फा’ लिहिलेलं असेल, तर तेही लसूणघासच. तसे पेलेट टाळा आणि दुसरेही मोजकेच द्या.

भाजी: शेवग्याचा पाला, कढीपत्ता, माठ, मेथी, मुळ्याचा पाला यांत कॅल्शियम भरपूर असतं, ते बाजूला ठेवा. लेट्यूस आणि थोडी कोथिंबीर चालेल. नवी भाजी एकेक करून सुरू करा. पण कॅल्शियम पूर्ण बंद करू नका. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यांना ते लागतंच.

हालचाल आणि स्वच्छता: रोज काही तास त्याला मोकळं फिरू द्या. ससा हलला की मूत्राशयातला गाळही हलतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो. ओली झालेली लव कोमट पाण्याच्या कापडाने पुसून पूर्ण कोरडी करा. अख्खी अंघोळ नको. पावसाळ्यात ओल्या लवेवर माश्या अंडी घालतात, म्हणून दिवसातून दोनदा शेपटीखाली बघाच.

वही: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. लघवी आणि लेंड्यांची रोज एका ओळीत नोंद ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालेल. हे काम घरातल्या मुलांना द्या, ती फार मनापासून करतात.

आणि वेळ आलीच तर

एका मूत्रपिंडात खडा असूनही, दुसरं चांगलं असेल, तर ससा बराच काळ आनंदात राहू शकतो. पण दोन्ही मूत्रपिंडं थकली, औषध देऊनही वेदना थांबेनात, तर डॉक्टर त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल बोलतील. शस्त्रक्रियेचा खर्चही सगळ्यांना झेपतो असं नाही. तो झेपत नाही म्हणजे तुमचं प्रेम कमी होतं, असं नाही. “आज तो स्वतःहून गवत खातोय का, हात लावल्यावर जवळ येतोय का?” हा प्रश्न रोज विचारा. उत्तर सतत ‘नाही’ येऊ लागलं, की निर्णय त्याच्या बाजूने घ्या. मुलांना “ससा गावाला गेला” असं सांगू नका. त्याला खूप दुखत होतं आणि आपण त्याला एकटं सोडलं नाही, हे खरं त्यांना समजतं.

तुमच्या घरी ससा असेल, तर आज रात्री झोपण्याआधी त्याचा ट्रे एकदा नीट बघा आणि पाण्याचा वाडगा भरून ठेवा. काही वेगळं दिसलं, तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. तुमचे अनुभव आणि प्रश्न आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!