ज्यांच्या हाती चेंडू येत नाही

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आपल्या मुलांच्या तोंडी जी नावे येतात, ती बहुतेक क्वार्टरबॅकची असतात. चेंडू त्याच्या हाती, कॅमेरा त्याच्यावर, मुलांनी मागितलेली जर्सीही त्याच्याच क्रमांकाची. या देशात वर्षे काढल्यानंतर आपल्यापैकी पुष्कळांना हा खेळ आता कळू लागला आहे. तरीही क्वार्टरबॅकच्या पुढे ओणवे होऊन उभे राहणारे पाच धिप्पाड खेळाडू नेमके काय करतात असे विचारले, तर ‘ढकलाढकली’ याहून वेगळे उत्तर क्वचितच मिळते. आमचे मत असे की, या खेळातल्या सर्वांत बुद्धीच्या कामांपैकी एक ही ढकलाढकलीच आहे. आणि तिच्यातली बुद्धी न दिसण्यामागे जी नजर आहे, ती आंबेडकरी घरांनी तरी ओळखली पाहिजे.

आधी काम काय आहे ते पाहू. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, आणि टोकांना दोन टॅकल अशी ही फळी. चेंडू मागे दिल्यापासून तो क्वार्टरबॅकच्या हातून सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद जातात. तेवढा अवधी मिळवून देणे, हेच या पाच जणांचे काम. समोरून सव्वाशे-दीडशे किलोंचे गडी धावून येतात. त्यांना कुठे जायचे आहे हे ठाऊक असते आणि ते पुढे धावत असतात. फळीतला खेळाडू मात्र मागे सरकत लढतो. टॅकल बाहेरचा पाय तिरका मागे टाकीत, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून सरकतो, आणि हल्लेखोर व क्वार्टरबॅक यांच्या मध्ये आपले शरीर राहील याची प्रत्येक पावलाला काळजी घेतो. घाई केली तर हल्लेखोर आतल्या बाजूने निसटतो, उशीर केला तर बाहेरून वळसा घालतो. हातांनी समोरच्याची छाती रोखायची, पण बाजूने त्याला पकडून ठेवायचे नाही. पकडले तर १० यार्डांचा दंड. हात लांब करून उघड्या तळव्यांनी रोखण्याची मुभादेखील व्यावसायिक खेळात १९७८ साली मिळाली.

कबड्डी खेळलेल्यांना साखळी ठाऊक आहे. दोघांपैकी एकाचा हात सुटला की चढाई करणारा त्या फटीतून निघून जातो. इथेही तसेच होते, फरक इतकाच की इथे एकमेकांचे हात धरता येत नाहीत. साखळी डोक्यात ठेवावी लागते.

ती डोक्यात बसवण्याचे काम बहुधा सेंटर करतो. चेंडू मागे देण्यापूर्वी तो समोरची मांडणी वाचतो आणि एका लाइनबॅकरकडे बोट दाखवून त्याचा क्रमांक ओरडून सांगतो. त्या एका खुणेवरून कोणी कोणाला रोखायचे, फळीने कोणत्या बाजूला सरकायचे आणि कोणता हल्लेखोर मागच्या धावपटूसाठी सोडायचा, हे ठरते. परक्या मैदानावर सत्तर हजार प्रेक्षकांच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नाहीत. तेव्हा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे पाहतो, इशारा मिळताच सेंटरला हाताने स्पर्श करतो, आणि मग सारे एकाच क्षणी हलतात.

खरी परीक्षा पुढे असते. समोरचे दोघे अचानक एकमेकांच्या वाटा ओलांडतात. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा त्याच्या मागून डावीकडे. अशा वेळी ‘माझा माणूस’ म्हणून आपापल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावणारे दोन गार्ड एकमेकांवर आदळतात आणि मध्ये दार उघडे पडते. शहाणी फळी माणूस सोडून देते. आपला शेजाऱ्याच्या स्वाधीन करते आणि शेजाऱ्याचा स्वतः घेते. शेजारी घेईल याची खात्री असल्याशिवाय कोणी आपला माणूस सोडत नाही, आणि ही खात्री महिनोन्‌महिने शेजारी उभे राहूनच येते. ज्याच्या वाट्याला कोणीच येत नाही, तो मोकळा उभा राहत नाही. शेजाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याला बाजूने धक्का देऊन मदत करतो.

हे सारे एका माणसाच्या कर्तृत्वाने भरून निघत नाही, याचा पुरावा कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने तीन सामन्यांत दिला. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतींमुळे बाहेर होते. क्वार्टरबॅक होते पॅट्रिक महोम्स, त्या काळातले सर्वांत गुणी. टॅम्पा बेच्या बचावाने त्यांना क्षणभर उसंत दिली नाही. २९ वेळा त्यांच्यावर दडपण आले, आणि सुपर बोलमध्ये कोणत्याही क्वार्टरबॅकवर इतक्या वेळा दडपण आल्याची तोवर नोंद नव्हती. ते मागे धावले, आडवे पडता पडता चेंडू फेकले. निकाल ३१-९, आणि त्यांच्या संघाला एकही टचडाउन नाही. संघाने धडा घेतला तो फळीचा. जो थूनी आणि ऑरलँडो ब्राउन यांना बाहेरून आणले. क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ थेट सहाव्या फेरीत निवडले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते. त्यांनी हंगामात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना ७० वेळा पाडले होते. त्या दिवशी एकदाही पाडता आले नाही. चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

तिसरा सामना ९ फेब्रुवारी २०२५ चा. पुन्हा ईगल्स. या वेळी डाव्या टॅकलची जागा भरून काढण्यासाठी चीफ्सनी थूनी यांना त्यांच्या गार्डच्या जागेवरून टोकाला नेले होते. उत्तम खेळाडू, पण जागा परकी. आणि त्यांच्या मूळ जागेवर नवा शेजारी. ईगल्सनी जादा माणसे हल्ल्यात धाडलीच नाहीत, तरी महोम्स सहा वेळा खाली पडले. निकाल ४०-२२.

आता खेळाची हिशेबाची वही उघडा. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजतात, धावपटूचे मोजतात. १९८२ पासून सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे, हे बचाव करणाऱ्याच्या नावावर अधिकृतपणे मांडले जाते. फळीतल्या माणसाच्या नावावर धाव नाही, झेल नाही, गुण नाही. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सर्वांना ऐकू येते ते बहुधा दंड झाल्यावर. सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून या फळीतला एकही खेळाडू आजवर निवडला गेलेला नाही. काम नीट झाले की काहीच घडत नाही, आणि काही न घडणे मोजायला कोणी वही ठेवत नाही. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत वक्त्यांची नावे ठळक अक्षरांत असतात. सभागृहाचा परवाना, विमा, दोनशे माणसांचे जेवण सांभाळणाऱ्यांची नावे शेवटच्या ओळीत ‘इतर सहकारी’ म्हणून येतात. हे जाता जाता.

पैशाच्या बाबतीत चित्र थोडे पालटले. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी लॉरेन्स टेलर यांच्या झडपेखाली वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जो थाइझमन यांचा पाय मोडला आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते. ती बाजू राखणाऱ्या डाव्या टॅकलचे मोल पुढे संघमालकांना कळले आणि त्याला भरघोस मानधन मिळू लागले. पण मोल कळणे आणि माणूस कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच विषयावर मायकेल लुइस यांनी २००६ साली ‘द ब्लाइंड साइड’ हे पुस्तक लिहिले, आणि २००९ साली त्यावर चित्रपट निघाला. गरीब कृष्णवर्णीय मुलगा मायकेल ओहर, त्याला घरात घेणारे श्रीमंत गोरे कुटुंब, अशी कथा. चित्रपटात त्या मुलाला फळीत कसे उभे राहायचे हे त्या घरातली माणसे शिकवतात. ओहर यांनी पुढे आपल्या आत्मकथनात याच गोष्टीला हरकत घेतली. हा खेळ आपण लहानपणापासून अभ्यासला होता, आपल्याला मंदबुद्धी का दाखवले, असा त्यांचा सवाल होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी न्यायालयात अर्ज केला. आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, आपल्यावर केवळ कन्झर्व्हेटरशिप नावाची कायदेशीर देखरेख लादली होती, असे त्यांचे म्हणणे होते. शोषणाचा आरोप त्या कुटुंबाने नाकारला. न्यायाधीशांनी सप्टेंबरमध्ये ती देखरेख संपुष्टात आणली. कोर्टातल्या वादात कोणाची बाजू किती खरी, यावर आम्ही निवाडा देत नाही. मात्र ज्याने स्वतःच्या बुद्धीने विद्या मिळवली, त्याची विद्या उपकारकर्त्याच्या खात्यावर जमा होणे, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या खेळात जागाही दीर्घकाळ रंगावरून ठरत. १९७० साली लॉय आणि मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी दाखवून दिले की, निर्णय घेण्याच्या मध्यवर्ती जागांवर, म्हणजे क्वार्टरबॅक, सेंटर, गार्ड आणि लाइनबॅकर या स्थानांवर, कृष्णवर्णीय खेळाडू फार थोडे होते. कडेच्या, धावण्याच्या जागा त्यांना दिल्या जात. या प्रकाराला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. वंश आणि जात एकच नव्हेत. पण श्रमाची विभागणी निराळी आणि श्रमिकांची विभागणी निराळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडला, तो हाती असला की हा तक्ता वाचायला वेळ लागत नाही. पाच जणांत कामे वाटून घेणे ही खेळाची गरज आहे. कोणी डोके चालवायचे आणि कोणी पाय, हे जन्मावरून ठरवणे ही खेळाची गरज नव्हती.

वॉरन मून यांना विद्यापीठात रोझ बोल जिंकूनही १९७८ साली एकाही संघाने निवडले नाही. ते कॅनडात गेले आणि तिथे पाच अजिंक्यपदे मिळवूनच परतले. ३१ जानेवारी १९८८ रोजी डग विल्यम्स हे सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले. वॉशिंग्टन १०-० ने मागे होते. दुसऱ्या पावात त्यांनी ३५ गुण केले, विल्यम्स यांनी त्या एका पावात चार टचडाउन पास दिले, आणि सामना ४२-१० असा संपला. त्यांच्यापुढे जी फळी उभी होती ती ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, या नावाने ओळखली जाई. प्रशिक्षकाने थट्टेत दिलेले नाव त्यांनी अभिमानाने मिरवले. त्या दिवशीचा पराक्रम विल्यम्स यांचा होता, आणि तो करायला लागणारा वेळ या फळीने दिला होता. पुढे २०२३ च्या ज्या सामन्यात महोम्स एकदाही पडले नाहीत, त्या सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते.

परक्या देशातून येणाऱ्यांसाठी या फळीत एक आश्वासक उदाहरणही आहे. जॉर्डन मायलाटा हे सामोअन आईबापांच्या पोटी ऑस्ट्रेलियात जन्मले आणि रग्बी लीग खेळत वाढले. २०१८ साली ईगल्सनी त्यांना सातव्या फेरीत घेतले, तेव्हा ते अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळले नव्हते. प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्यांना पावला-पावलाने घडवले. २०२५ चा सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचे डावे टॅकल तेच.

एवढे सांगितल्यावर, मुलांना सरसकट या फळीत पाठवावे असे आम्ही म्हणू, अशी अपेक्षा असेल. तसे आम्ही म्हणत नाही. माइक वेबस्टर हे पिट्सबर्ग स्टीलर्सचे सेंटर, चार सुपर बोल जिंकणाऱ्या फळीचा कणा. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती आणि संसार दोन्ही विस्कटले, आणि २००२ साली वयाच्या ५० व्या वर्षी ते वारले. त्यांचा मेंदू तपासला तो नायजेरियाहून आलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी. वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा मेंदूचा विकार व्यावसायिक फुटबॉलपटूत त्यांनीच प्रथम दाखवला. २००५ साली त्यांचा शोधनिबंध छापून आल्यावर लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ओमालूंनी तो मागे घेतला नाही. फळीतल्या माणसाला एकच मोठा आघात होतो असे नाही. जवळजवळ प्रत्येक चालीला छोटी धडक बसते, आणि छोट्या धडकांचीही वही कोणी ठेवत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. हायस्कूलपर्यंत मुलामुलींनी फ्लॅग फुटबॉल खेळावा. त्यात अंगावर जाणे नाही, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ असणार आहे. त्यात ही रक्षणाची फळीच नसते, हे आम्हाला खटकते, पण कोवळ्या मेंदूपुढे ते दुःख लहान आहे. हायस्कूलनंतर मुलाने स्वतः विचार करून फळीत उभे राहायचे ठरवले, तर आईबापांनी प्रशिक्षकाला दोन प्रश्न आधी विचारावेत: सरावात आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष धडका असतात, आणि डोक्याला मार बसल्यावर खेळाडूला परत मैदानात पाठवण्याचा निर्णय कोण घेतो, प्रशिक्षक की वैद्यकीय जाणकार? उत्तर चाचरत आले तर मुलाला घरी आणावे. ते समाधानकारक असले, आणि एका संध्याकाळी मुलाने येऊन सांगितले की मला लेफ्ट गार्ड केले आहे, तर ‘मग चेंडू कधी मिळणार?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. समोरच्या दोघांनी वाटा ओलांडल्या तेव्हा त्याने आपला माणूस कोणाच्या स्वाधीन केला, ते विचारावे.