रॉडचा नंबर आणि माशाचे वजन

समुद्रात फ्लाय रॉडने मासे धरण्याचा छंद असलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: अमुक माशासाठी किती नंबरचा रॉड घ्यावा? उत्तरही तयार असते. बोनफिशला आठ, परमिटला नऊ किंवा दहा, टार्पनला अकरा-बारा. फ्लॉरिडा-बहामाकडचा दुकानदार हीच यादी म्हणून दाखवील. माझे म्हणणे असे की, यादी चुकीची नसली तरी प्रश्न चुकीचा आहे. आणि त्या चुकीची किंमत पुष्कळदा मासा मोजतो.

आपल्याकडे हा प्रकार फारसा परिचित नाही, तेव्हा थोडा खुलासा हवा. आपला गळ, म्हणजे आपल्या कन्नड मित्रांचा ‘गाळ’, लांब जातो तो शिशाच्या वजनामुळे; दोरी बिचारी मागून ओढली जाते. फ्लायच्या बाबतीत सारे उलटे. पिसे आणि केस बांधून केलेले ते खोटे भक्ष्य इतके हलके की नुसते फेकले तर पायाशीच पडेल. म्हणून दोरीच वजनदार करतात. काठी मागेपुढे झुलवून ही दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या टोकाचे भक्ष्य तिच्याबरोबर जायचे. काठी ही स्प्रिंग आणि दोरी हे वजन. तेव्हा रॉडवर छापलेला नंबर वस्तुतः रॉडचा नव्हेच. तो रॉड जी दोरी पेलतो तिचा आहे. रेशमी दोऱ्यांच्या काळी जाडीवरून अक्षरे ठरवीत. नायलॉन आणि प्लास्टिकचे वेष्टण आल्यावर एकाच जाडीच्या दोऱ्या निरनिराळ्या वजनाच्या भरू लागल्या, आणि 1960 च्या सुमारास अमेरिकेतील कारखानदारांच्या संघटनेने जाडी सोडून वजन धरले. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे वजन आठ नंबरला 210 ग्रेन, नवाला 240, दहाला 280 आणि बाराला 380.

ग्रेन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. पण इंग्रजी अमदानीतला तोळा 180 ग्रेनचा होता, आणि तोळ्याचे मासे बारा; म्हणजे एक मासा 15 ग्रेनचा. त्या हिशेबाने आठ नंबरची दोरी चौदा माशांची, नऊची सोळा माशांची आणि बाराची पंचवीस माशांहून किंचित अधिक. समुद्रातला मासा धरायला सोनाराचे मासे मोजावे लागतात, हा योगायोग आपल्या भाषेपुरताच!

आता मुद्दा असा. दोरीला दोन ओझी वाहायची असतात: भक्ष्याचे आणि वाऱ्याचे. खेकड्यासारखे दिसणारे जड भक्ष्य, किंवा वीतभर लांबीचे पिसांचे भक्ष्य, हलक्या दोरीने ओढले जात नाही. ते मध्येच गळून पडते, नाहीतर फेकणाऱ्याच्याच कानाला लागते. किनाऱ्यावर वारा तर रोजचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. म्हणजे आधी भक्ष्य केवढे, वारा किती, हे पाहायचे. मासा केवढा हा प्रश्न त्यानंतरचा. परमिट हा काही टार्पनएवढा राक्षस नव्हे, तरी त्याला नऊ-दहा लागतो तो मुख्यतः त्या जड खेकड्यामुळे.

मग सरळ बाराच का घेऊ नये? दोन कारणे. दिवसभर बारा नंबर झुलवून खांदा भरून येतो, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे. बोनफिश गुडघाभर नितळ पाण्यात चरत असतो. जड दोरी त्याच्या आसपास आपटली की तो दिसेनासा होतो. म्हणून त्याला आठ. पण वारा उठलेल्या दिवशी आठ सोडून नऊ घेणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. एकच रॉड घेण्याची ऐपत असेल तर, मला विचाराल, नऊच घ्यावा.

खरा वाद आहे तो ‘हलक्या रॉडवर मोठा मासा’ या मर्दुमकीशी. आखाड्यात हलक्या गड्याने भारी गड्याला चीत केले की आपण टाळ्या वाजवतो, आणि ते योग्यच आहे. पण तिथे दोघेही आपखुशीने उतरलेले असतात. माशाला कुणी विचारलेले नसते. हलका रॉड पार वाकतो, माशावर ताण देऊ शकत नाही, आणि दहा मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. तेवढा वेळ मासा जिवाच्या आकांताने धावत असतो. 2013 पासून फ्लॉरिडात बोनफिश सोडून द्यावाच लागतो. टार्पनलाही, विक्रमासाठीच्या खास परवान्याचा अपवाद वगळता, हाच नियम. पण दमलेला मासा ‘सोडला’ म्हणजे वाचला असे नव्हे. जिथे शार्क आहेत तिथे तो काही हात अंतरावरच त्यांच्या तोंडी जातो. छायाचित्र मात्र हसऱ्या चेहऱ्याचे निघते.

यावर कुणी म्हणेल, ताकद शेवटी धाग्याची. खरे आहे. 2001 साली फ्लॉरिडातील होमोसासा येथे 202 पौंड 8 औंसांचा टार्पन फ्लायवर पकडला गेला, तो अवघ्या 20 पौंडांच्या टोकधाग्यावर. त्यापलीकडे कोणताही रॉड ओढू शकत नाही. परंतु तो धागा सोसेल तेवढा ताण माशापर्यंत पोहोचवायचा असेल तर मागे तशीच काठी हवी. हलक्या काठीवर धाग्याची निम्मी ताकद वायाच जाते.

जाता जाता बाजाराविषयी. हल्ली पुष्कळ कारखानदार छापील नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर जड दोऱ्या काढतात, कारण रॉड फार ताठ झाले आहेत. आठाच्या डबीत कधीकधी नऊ निघतो. डबीवर ग्रेन लिहिलेले असतील तर ते वाचावेत. नसतील तर सरळ तराजू गाठावा.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याच्या चोणकाचे, ज्याला कोकणात जिताडा म्हणतात. हाच मासा उत्तर ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणून प्रसिद्ध, आणि तिथले लोक त्याच्यामागे आठ ते दहा नंबर घेऊन जातात. कारण गळाला लागताच तो खारफुटीच्या मुळांत घुसतो, आणि एकदा घुसला की दोरी गेली, मासाही गेला, तोंडात गळ घेऊन. मांडवीच्या खाडीत कुणी फ्लाय रॉड घेऊन उतरलाच तर त्याने चोणक किती किलोचा निघेल हे विचारत बसू नये. मुळे किती हातांवर आहेत ते पाहावे. लांब असतील तर नऊ, आणि हाताशीच असतील तर दहा.