ओळख आपल्या माणसांची : निळ्या रंगाची माणसे



गेल्या महिन्यात माझी सात वर्षांची नात शाळेतून हिरमुसून घरी आली. घरच्या माणसांचे चित्र काढायचे होते. म्हणाली, "आजी, आपल्याला कुठला रंग देऊ? खडूच्या डब्यात आपला रंगच नाही. आणि एक मुलगी म्हणते, ज्यू असे दिसतच नाहीत!" मला पटकन उत्तर सुचेना. मग मी तिला सिओना बेंजामिन ह्यांची चित्रे दाखवली.

सिओनाबाई आपल्यापैकीच, बेने इस्राएल. जन्म १९६० चा, मुंबईचा. शिकल्या कॅथलिक आणि पारशी शाळांत, आजूबाजूला हिंदू-मुसलमान वस्ती, आणि घरी शब्बाथचा दिवा. पुढे त्या अमेरिकेत आल्या. इलिनॉय राज्यात त्यांनी आधी चित्रकलेची आणि मग नाटकाच्या नेपथ्याची अशा दोन मोठ्या पदव्या घेतल्या. नंतर न्यू जर्सीत घर केले.

त्यांच्या चित्रांतली बायामाणसे निळी असतात! सारा, हागार, राहेल, एस्तेर ह्या आपल्या तोरातल्या आणि तनाखातल्या बायका, पण थाट आपल्याकडचा. रेखाटन जुन्या राजदरबारी लघुचित्रांसारखे बारीक, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मधूनच हिंदी सिनेमाच्या पोस्टरचा भडकपणा. एका चित्रात तर बाईला देवीसारखे पुष्कळ हात आहेत आणि त्या हातांचीच मेनोरा झाली आहे. ह्या चित्रमालेचे नावच मुळी 'घराचा शोध' अशा अर्थाचे आहे.

निळाच रंग का? तर आकाश निळे, समुद्र निळा. तो रंग कुठल्या एका देशाचा नाही, म्हणून सगळ्यांचा. मला आपले नवगाव आठवले. आपले पूर्वज तिथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले असे आपण ऐकत आलो. समुद्र ओलांडणे आपल्याला नवे नाही.

२०१०-११ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सिओनाबाई भारतात परत गेल्या. तिथे राहिलेल्या आपल्या माणसांना भेटल्या, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, फोटो काढले आणि त्या फोटोंभोवती रंगकाम केले. राजेमहाराजे नव्हेत हो, तुमच्या-आमच्यासारखीच साधी माणसे! पण चित्रात कशी ऐटीत बसली आहेत. आपले बहुतेक लोक इस्राएलला आणि इतरत्र गेले, मागे थोडेच उरले. त्यांचे चेहरे कोणीतरी जपून ठेवायला हवेच होते.

मुलांनो, तुमच्यासाठीही त्यांनी काम केले आहे. 'हावा नगीला' हे गाणे लग्नात तुम्ही नाचता ना? त्या गाण्याची गोष्ट सांगणारे फ्रीडा लेव्कोविच ह्यांचे इंग्रजी पुस्तक २०२१ साली निघाले. त्यातली चित्रे सिओनाबाईंची. गाणेच त्यात मुलगी झाले आहे.

नातीने सगळी चित्रे पाहिली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चित्र पुरे केले. आई, बाबा, ती आणि मी, चौघेही निळे! माझी नऊवारी मात्र हिरवी.

आजी-आजोबांनो, ह्या शनिवारी हबदाला झाल्यावर जुना अल्बम खाली काढा. मुलांनो, एक चेहरा निवडा, त्याचे नाव आणि गाव विचारा, आणि चित्र काढा. रंग तुम्हाला हवा तो द्या.

पुढच्या अंकात भेटूच. शालोम!