सही दिल्लीत, लेकरं वावरात



११ डिसेंबर १९९२ ला भारत सरकार जगाच्या बालहक्क करारात सामील झालं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराला अन्न, औषध, शाळा मिळेल, असं कबूल केलं. कलम ३० तर आपलंच आहे : आदिवासी लेकराला त्याची भाषा, त्याची संस्कृती नाकारायची नाही. पण करार म्हणजे कायदा नव्हे. संसद कायदा करत नाही तोवर नुसत्या कराराच्या जोरावर कोर्टात हक्क वसूल होत नाही.

शाळेच्या हक्काचा कायदा व्हायला २००९ उजाडलं, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातही मेख आहे. करार म्हणतो अठरा वर्षांपर्यंत, कायदा म्हणतो सहा ते चौदा. अंगणवाडीतलं लेकरू बाहेर, दहावीतलं पोरगंही बाहेर. मातृभाषेतून शिकवा म्हणतो, पण 'शक्य असेल तिथवर'. गोंडी, कोलामी बोलणाऱ्या लेकराला पहिल्याच दिवशी मुकं करायचं, अन् मग म्हणायचं, याले डोकंच नाही!

बालमजुरीबद्दल तर करारात जातानाच सरकारनं लिहून दिलं की सगळ्या कामांत वयाची अट आत्ताच घालता येणार नाही, हळूहळू करू. १९८६ च्या कायद्यात २०१६ पर्यंत बंदी असलेल्या कामांची यादी होती. कापूस वेचणं त्यात नव्हतं. पुलगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा त्या कापसात आमच्या लेकरांची बुडालेली शाळाही असते.

सायब म्हणतात, मायबापच लेकरं वावरात नेतात. नेतात, खरं आहे. पण काहून नेतात? जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पट्टा नाही. पट्टा नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. मग सावकार. त्याचं फेडायला घरातले सगळे हात लागतात, लहानेही. बापाचा हक्क मारला की लेकराचा आपोआप मारला जातो.

म्हणून पट्ट्याची लढाई हीच लेकरांची लढाई. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचून घ्या : शाळा, अंगणवाडी, दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. 'जंगलाची जागा आहे, बांधता येत नाही' म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या : अंगणवाडीला जागा, शाळेत आपली भाषा जाणणारा मास्तर, वेचणीच्या दिवसांत लेकरं शाळेत. ठरावाची पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून उठू नका.

दिल्लीची सही आपणच गावात आणायची. लढेंगे, जीतेंगे!