जखम नागपुरात शिवतात, भरते चामोर्शीत

माझ्या मामाच्या तोंडात केस उगवले होते. गालाच्या आतल्या बाजूला, छातीवर असतात तसे राठ, काळे. नर्सने मला बोथट टोकाच्या कात्रीने ते कसे कापायचे ते दाखवलं होतं. मोबाईलचा टॉर्च लावून दर चार-पाच दिवसांनी मी ते कापायचे.

वाचून किळस आली असेल तर थोडं थांबा, कारण ही आधुनिक वैद्यकातली फार सुंदर गोष्ट आहे. मामाचा उजवा गाल आणि जबड्याचा तुकडा कॅन्सरसकट काढावा लागला. ते भोक बुजवायला सर्जनने छातीवरचा स्नायू, त्यावरच्या कातडीसकट आणि त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलला, कातडीखालून गळ्याच्या हाडावरून वर नेला आणि तोंडात बसवला. स्टीफन एरियन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९७९ साली ही पद्धत मांडली. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या गर्दीच्या रुग्णालयांत ती आजही रोजची भाकर आहे. छातीची कातडी तोंडात गेली तरी ती छातीचीच राहते. तिला कोणी सांगितलेलं नसतं की आता केस उगवायचे नाहीत.

पुढे शेक, म्हणजे रेडिएशन सुरू झालं की हे केस सहसा गळून जातात. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा असं कॅन्सरचे डॉक्टर सांगतात. जितका उशीर, तितका मागे राहिलेल्या पेशींना वेळ. मामाचा शेक अकराव्या आठवड्यात सुरू झाला. ते सगळे आठवडे मी केस कापत होते. माझं म्हणणं त्या उशिराबद्दल आहे.

उशीर झाला कारण जखम भरली नाही. टाक्यांच्या एका कोपऱ्यातून मानेवर छिद्र पडलं आणि त्यातून लाळ गळायला लागली. उघड्या जखमेवर शेक देत नाहीत. म्हणजे बघा, गाठ काढणारा सर्जन उत्तम, गाल बांधणारा प्लास्टिक सर्जन उत्तम, शेकाचं यंत्र तयार, सरकारी योजनेत पैसे मंजूर, आणि हे सगळं अडलं एका रुपयाएवढ्या भोकापाशी. ते भोक नागपुरात नव्हतं, चामोर्शी तालुक्यातल्या एका घरात खाटेवर होतं. जाऊन-येऊन जवळपास चारशे किलोमीटर.

सुट्टी देताना आम्हाला एक कागद मिळाला होता. इंग्रजीत. त्यावर ड्रेसिंग रोज करा आणि नळीतून 'हाय प्रोटीन' आहार द्या असं लिहिलं होतं. मामीने नाकातल्या नळीतून काय दिलं? चहा, त्यात विरघळवलेलं बिस्किट आणि भाताची पेज. आजारी माणसाला आपल्याकडे हेच देतात. जखम भरते म्हणजे शरीर तिथे कोलॅजन नावाचं प्रथिन विणतं, त्याला प्रथिनं लागतात, क जीवनसत्त्व लागतं, रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन लागतं. पेजेत यातलं जवळपास काहीच नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंगला नेलं तर, "एवढं मोठं ऑपरेशन, आम्ही हात नाही लावत, जिथं केलं तिथंच न्या." त्यांचंही खरं होतं. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत प्लास्टिक सर्जनने टाका घालायच्या आधी मामीला विचारलं, नळीतून काय देता? उत्तर ऐकून ते खाली बसले आणि कागदाच्या मागे मराठीत लिहून दिलं: दूध, अंडं, पातळ डाळ, शेंगदाण्याचं बारीक कूट, सगळं गाळून. छिद्र पुढे मुख्यतः याच्यानेच बुजलं, असं माझं मत. मी डॉक्टर नाही, पण ते भोक रोज मोजत होते.

आता वादाकडे येते.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नट्यांची नाकं आठवतात. आमच्या गावात तर मामाला विचारायचे, तोंडात प्लास्टिक टाकलं का? हा शब्द ग्रीकमधून आला आहे, अर्थ आकार देणं, घडवणं. बादलीशी त्याचा संबंध नाही. शिकलेली माणसं याहून वाईट बोलतात. "जीव वाचला ना, मग चेहऱ्याचं एवढं काय?" तोंडाचं भोक न बुजवता त्या माणसाने गिळायचं कसं, बोलायचं कसं, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर लाळ जाऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यांना विचारा. कॅन्सरमधली पुनर्रचना ही शोभा नाही. ती नसेल तर कॅन्सरचा सर्जन गाठ पुरेशी मोठी कापूच शकत नाही.

आणि मग तो दुसरा सूर. "खर्रा खाल्ला, आता भोगतोय." हा सूर मला जास्त चीड आणतो, कारण त्यात थोडं खरं आहे. मामा बाराव्या वर्षापासून खर्रा खात होता. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकवर घोटून. पण पूर्व विदर्भात सुपारी पिकत नाही. ती ट्रकने येते, कोणीतरी आणतं, कोणीतरी त्यावर कमावतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि आमच्याकडे ठेल्यांवर खर्रा घोटायची यंत्रं आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, कॅन्सरकारक ठरवून वीस वर्षं उलटली. तरी आमच्याकडे "तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी" हे लोक अभिमानाने सांगतात. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं आहे, ते व्हायलाच हवं. पण ज्याच्या तोंडात आज तीन बोटं जात नाहीत, ज्याचा गाल आतून दोरीसारखा कडक झालाय, त्याला व्यसनमुक्तीचं पोस्टर दाखवून काय करणार? दोष कोणाचाही असो, जखम भरायला लागणारी प्रथिनं तेवढीच असतात.

चंद्रपूरमध्ये कॅन्सर रुग्णालय आलं याचा मला आनंद आहे. मनापासून. नागपूरचे निम्मे हेलपाटे वाचतील. पण इमारतीच्या फोटोखाली "आता प्रश्न सुटला" लिहिणाऱ्यांना सांगायचं आहे की पुनर्रचनेचं अर्धं काम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होतं, आणि भामरागडहून चंद्रपूरसुद्धा लांबच आहे.

हे मला सुचलेलं नाही. नोशीर अंतिया नावाचे प्लास्टिक सर्जन होते. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे फुटलेले चेहरे बांधणारे ते गिलीज. अंतियांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. एवढ्यावर कारकीर्द थाटात संपली असती. पण त्यांना दिसलं की आपण शेवटच्या टोकाला उभे आहोत. मग त्यांनी अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. हा माणूस सर्जरीला कंटाळून समाजसेवेत गेला असं मला वाटत नाही. सर्जरी नीट समजली म्हणूनच तो गावात गेला.

कुष्ठरोगाचं उदाहरण आमच्या भागात परकं नाही, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके, काचा, चपलेचा खिळा कळत नाही आणि न कळलेल्या जखमांनी बोटं जातात. म्हणजे पाय वाचवायचा तर ऑपरेशन एकदा आणि पाय तपासणं रोज. रोजचं काम कोण करणार, हाच जखमेच्या शास्त्रातला मोठा प्रश्न आहे.

संशोधनही असंच घराजवळचं असू शकतं. मुंबईच्या केसवानींनी १९८५ साली भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग कसं चालतं याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं, तो निबंध २००३ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. हे आजीबाईचा बटवा म्हणून खपवलेलं नव्हतं. निर्जंतुक करून, रुग्णांवर मोजून, छापून आलेलं होतं. (कृपया हे वाचून घरी कोणाच्या मानेवर केळीचं पान बांधू नका.) मला मोह होतो तो त्या प्रश्नाचा: आपल्या रुग्णाला परवडेल असं काय चालतं? गडचिरोलीच्या जखमेचेही असे प्रश्न आहेत. इथे सिकलसेल आहे, मलेरिया आहे, पंडुरोग आहे, पेज आहे. याच अंगांवर गाल-जबडे बांधले जातात. ते कसे भरतात, किती दिवसांत, कशाने अडतात, हे इथेच मोजायला हवं. पुण्या-मुंबईच्या धष्टपुष्ट रुग्णाचा आकडा आम्हाला उधार नको.

"खेड्यात हे जमणार नाही" असं कोणी म्हणालं की मी गडचिरोलीचंच नाव घेते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने इथल्या गावांतल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले, ते १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि पुढे देशातल्या आशांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवताना याच कामाचा आधार घेतला गेला. दोन किलोच्या बाळाला इंजेक्शन देणं जमलं, आणि सलाईनमध्ये भिजवलेली गॉज मानेवर ठेवणं जमणार नाही? ड्रेसिंगचं सामान ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये घाला, आशाला त्या भेटीचे पैसे द्या, सुट्टीचा कागद मराठीत आणि माडिया-गोंडीत बोलून दाखवा, आणि एका फोन नंबरावर उत्तर देणारा माणूस ठेवा. एका लंब्या ऑपरेशनच्या खर्चापुढे हे चणे-फुटाणे आहेत.

मामा आता वरण-भात कुस्करून खातो. केस गेले. दर तपासणीला आम्ही श्वास रोखून बसतो, कारण ते पाच आठवडे परत मिळालेले नाहीत. "पोरी, तो उशीर मले भोवन का?" असं त्याने मला एकदा विचारलं, बसमध्ये. मी खिडकीबाहेर बघितलं.

या पावसाळ्यात शेजारच्या गावातल्या एकाचं तसंच ऑपरेशन झालं. त्याची बायको मामाकडे विचारायला आली. मी सुट्टीत होते. आमच्या आशाताईंना घेऊन गेले, हात धुण्यापासून सगळं दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच जायला लागल्या. एक दिवस टाक्याच्या कडेला पिवळट दिसलं, त्यांनी फोटो पाठवला, मी तो मामाच्या सर्जनना पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: उद्याच पाठवा, उशीर नको. तो गेला, दोन टाके पडले, चार दिवसांनी परत आला. पाचव्या आठवड्यात त्याचा शेक सुरू झाला. आशाताईंना या कामाचा एक रुपया मिळालेला नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये ते लिहायला रकानाच नाही.